हिपॅटायटिस बीची तपासणी: लॅबच्या पॅकेजात काय मिळतं आणि काय मागून घ्यावं लागतं

संभाजीनगर, लातूर, नांदेडात तर आहेतच, आता तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरही ‘फुल बॉडी चेकअप’चे फलक दिसतात. साठ-सत्तर तपासण्यांच्या त्या यादीत हिपॅटायटिस बीच्या नावानं बहुधा एकच ओळ असते: एचबीएसएजी. रिपोर्टवर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ आलं की माणूस कागदाची घडी घालून कपाटात ठेवतो आणि आपल्याला आता पांढरी कावीळ होणार नाही, असं धरून चालतो. त्या ओळीचा अर्थ मात्र एवढाच, की रक्त काढलं त्या दिवशी विषाणूच्या आवरणातलं प्रथिन रक्तात सापडलं नाही. उद्या होणार नाही याची हमी त्यात नाही. प्रतिकारशक्ती आहे की नाही हे सांगणारी तपासणी वेगळी आहे, आणि पॅकेजात नेमकी तीच नसते.

तपासण्यांना नावं ठेवायला जागा नाही. यंत्रं चांगली, रसायनं चांगली, निकालही बऱ्यापैकी लवकर. गडबड होते ती काय विकलं जातं आणि कागदावर कसं छापलं जातं यात. म्हणून इथं एकेका तपासणीची, ती कुठं पैसे वसूल आहे आणि कुठं वाया, अशी झडती घेतली आहे.

नावापासूनच सुरुवात करू. जुने डॉक्टर अजून चिठ्ठीवर ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ लिहितात. संशोधक बरूच ब्लुमबर्ग यांनी १९६५ च्या सुमारास एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात हे प्रथिन शोधलं, त्यावरून ते नाव पडलं. १९७६ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन झाला. ऑस्ट्रेलिया अँटिजेन आणि एचबीएसएजी एकच. बिलावर दोन्ही दिसले तर एकाचे पैसे परत मागा.

तीन तपासण्या, एक शेत

पुरता उलगडा व्हायचा तर तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. एचबीएसएजी म्हणजे शेतात उभं पीक: विषाणू आत्ता आहे. अँटी-एचबीसी टोटल, म्हणजे कोअर अँटिबॉडी, हे ज्वारी काढल्यावर राहिलेलं धसकट: पीक आज असो वा नसो, कधीतरी उभं होतं. अँटी-एचबीएस म्हणजे कुंपण: संरक्षण आहे. लशीत विषाणूचं फक्त वरचं प्रथिन असतं, आतला गाभा नसतो. त्यामुळं लस घेतलेल्याला कुंपण मिळतं, धसकट कधीच मिळत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की कुठलाही रिपोर्ट स्वतः वाचता येतो.

तिन्ही नकारार्थी आले तर या माणसाची विषाणूशी गाठ पडलेली नाही, आणि त्याला संरक्षणही नाही. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर पोचली २०११ मध्ये. त्याआधी जन्मलेल्या आणि खासगीत लस न घेतलेल्या बहुतेकांचा निकाल हाच येतो. पॅकेजवाला याला ‘नॉर्मल’ म्हणून हिरव्या रंगात छापतो. लस घ्यायला सर्वांत योग्य माणूस हाच, आणि नेमकं त्यालाच कुणी सांगत नाही.

फक्त अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त आणि बाकी दोन्ही नकारार्थी, तर लशीनं काम केलं आहे. अँटी-एचबीएस आणि कोअर दोन्ही सकारार्थी, एचबीएसएजी नकारार्थी, तर आजार कधीतरी येऊन गेला आणि शरीरानं तो परतवला. कित्येकांना त्याचा पत्ताही लागलेला नसतो. अशा माणसाला लशीची गरज नाही. मात्र एक गोष्ट त्यानं जन्मभर लक्षात ठेवायची. केमोथेरपी, रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शन, अवयवरोपण किंवा मोठ्या डोसचे स्टिरॉइड लागले, तर आधी डॉक्टरला हा रिपोर्ट दाखवायचा. विषाणूचा अंश यकृतातल्या पेशींच्या केंद्रकात दडून राहतो आणि प्रतिकारशक्ती दाबली गेली की पुन्हा डोकं वर काढतो. कर्करोगाचे उपचार सुरू करताना ही तपासणी राहून गेली, तर बरं होत आलेल्या रुग्णाचं यकृत अचानक बिघडतं आणि दोष केमोच्या माथी जातो.

एचबीएसएजी सकारार्थी आला की पुढचा प्रश्न: ताजा की जुना? त्यासाठी कोअरचीच आयजीएम नावाची वेगळी तपासणी आहे. आयजीएम सकारार्थी म्हणजे साधारणपणे गेल्या काही महिन्यांतला संसर्ग. जुना आजार उसळला तरी ती कधीकधी सकारार्थी येते, म्हणून नुसत्या तिच्यावर निकाल देऊ नये. आयजीएम नकारार्थी, टोटल सकारार्थी आणि एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही कायम, तर आजार जुनाट. मोठ्या वयात लागण झालेल्या शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास लोक सहा महिन्यांत आपोआप बरे होतात. जन्मतः आईकडून लागण झालेल्या बाळांचं प्रमाण बरोबर उलटं: शंभरात सुमारे नव्वद बाळांमध्ये विषाणू मुक्काम ठोकतो. हा सगळा लढा बाळंतिणीच्या खोलीत जिंकायचा किंवा हरायचा असतो, त्याबद्दल शेवटी.

राहिला तो फक्त कोअर सकारार्थी, बाकी सगळं नकारार्थी, असा निकाल. लॅबवाले इथं गप्प बसतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण याचे अर्थ चार निघतात: जुना बरा झालेला आजार ज्यात कुंपण झिजलं आहे, तपासणीची चूक, बारीक प्रमाणात दडलेला विषाणू, किंवा एचबीएसएजी नुकताच गेला आहे आणि अँटिबॉडी अजून यायची आहे असा मधला काळ. आयजीएम आणि व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, ते मोजणारी तपासणी) केल्याशिवाय यातला कुठला अर्थ खरा ते ठरत नाही.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं २०२३ मध्ये प्रत्येक प्रौढानं आयुष्यात एकदा या तिन्ही तपासण्या एकत्र कराव्यात अशी शिफारस केली. ती आपल्याकडेही शहाणपणाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतात २०२२ साली सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना जुनाट हिपॅटायटिस बी असल्याचा अंदाज आहे, आणि यातल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नसतो. पण काउंटरवर ‘हिपॅटायटिस बीची टेस्ट’ म्हटलं की एचबीएसएजीच मिळते. तिन्ही नावं कागदावर लिहून न्या. दरवर्षी पॅकेजात एचबीएसएजी पुन्हापुन्हा करण्यापेक्षा हे एकदाचं त्रिकूट स्वस्त पडतं.

कार्ड टेस्ट

बोटाएवढ्या पट्टीवर रक्ताचे किंवा सीरमचे थेंब टाकायचे, पंधरा-वीस मिनिटांनी रेघा बघायच्या. स्वस्त, विजेशिवाय चालते, आणि शिबिरात, बाळंतपणाच्या वेळी किंवा रात्रीच्या तातडीच्या ऑपरेशनआधी हिला पर्याय नाही. तरी मराठवाड्यात हिचा एक खास शत्रू आहे: ऊन. बहुतेक किटवर साठवणुकीची मर्यादा ३० अंशांपर्यंत छापलेली असते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात पारा चाळिशीच्या पुढं जातो, आणि तिथं पडून राहिलेल्या किटमधल्या पट्टीवरची प्रथिनं मरतात. कंट्रोलची रेघ तरीही उमटू शकते, म्हणून चूक दिसून येत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेली पट्टी थंडगार असतानाच फोडली तर तिच्यावर दव धरतं, तेही वाईट. पाकीट खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावं आणि उघडलं की लगेच वापरावं.

वाचण्यातल्या चुका तर नेहमीच्या. टेस्टची रेघ फिकट असली तरी ती रेघच. ‘अर्धवट पॉझिटिव्ह’ असा प्रकार नसतो, यंत्रावर पडताळणी करायची असते. सांगितलेल्या वेळेनंतर, अर्ध्या-पाऊण तासानं उमटलेली रेघ धरायची नाही. कंट्रोलची रेघ आलीच नाही तर निकाल रद्द, नवी पट्टी. कार्ड विषाणूचं अगदी बारीक प्रमाण पकडण्यात यंत्रापेक्षा कमी पडतं, त्यामुळं शंका असताना कार्डाचा नकार अंतिम मानू नये. लग्न जमवताना किंवा नोकरीच्या मेडिकलला कुणाच्या कपाळी कार्डाच्या एका रेघेवरून शिक्का बसत असेल, तर ते चूक आहे. दुसऱ्या पद्धतीनं पडताळणी झाल्याशिवाय कुणालाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणू नये.

यंत्रावरची तपासणी आणि ते आकडे

एलायझा किंवा क्लिया पद्धतीचा एचबीएसएजी हा खरा भरवशाचा माल. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते. नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच. इथं घोळ होतो तो आकड्यांचा. ‘०.३१’ बघून घरी वाद सुरू होतो की थोडा विषाणू आहे म्हणजे काय? तो आकडा विषाणूचा नसतो. तुमच्या नमुन्यातून यंत्राला मिळालेला प्रकाश भागिले ठरवलेली मर्यादा, असं ते गुणोत्तर आहे. एकाच्या खाली म्हणजे नाही. तसंच ३०००चा आकडा ८००पेक्षा जास्त आजारी असा अर्थ होत नाही. काही यंत्रं गुणोत्तराऐवजी थेट प्रमाण देतात आणि तिथं मर्यादा ०.०५ असते. दोन लॅबचे आकडे समोरासमोर ठेवून ‘वाढलं की कमी झालं’ ठरवणं म्हणजे शेर आणि लिटर एकाच मापात ओतणं.

आकडा एकाच्या जरासा वर, दीड-दोन-तीन असा आला तर चांगली लॅब तोच नमुना पुन्हा फिरवून परत लावते आणि मग न्यूट्रलायझेशन नावाची खात्रीची पायरी करते. अशा सीमेवरच्या निकालाचं एक साधं कारण असतं नमुन्यात. पिवळ्या झाकणाच्या जेल ट्यूबमधलं रक्त अर्धा तास नीट गोठू दिलं नाही आणि घाईनं फिरवलं, तर फायब्रिनचे धागे राहतात आणि खोटा सकारार्थी निकाल येतो. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांचं रक्त गोठायला आणखी वेळ लागतो, ते आधी सांगावं. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरून पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला नमुना जाणार असेल, तर सीरम तिथंच वेगळं करून बर्फाच्या पेटीत गेलं पाहिजे. हे विचारायला लाजू नये. उपाशी राहायची मात्र गरज नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तरच.

आणखी एक सापळा: हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावर साधारण तीन आठवड्यांपर्यंत एचबीएसएजी खोटा सकारार्थी येऊ शकतो, कारण लशीतलंच प्रथिन यंत्राला सापडतं. लस घेतली असेल तर महिनाभर थांबा. कॉलेजच्या प्रवेशासाठी पहिला डोस आणि तपासणी एकाच आठवड्यात उरकणारी पोरं नेमकी इथंच अडकतात.

उलट बाजूनंही घाई नडते. दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा लागला, जत्रेत गोंदवून घेतलं, दुसऱ्याच दिवशी लॅब गाठली, नकारार्थी आलं, निवांत झाले. एचबीएसएजी रक्तात दिसायला सरासरी चार आठवडे लागतात, कधी नऊही. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट आधीची स्थिती सांगतो, कालच्या जखमेची नाही. त्या दिवशी करायचं काम वेगळं: लस घेतलेली नसेल तर ती चोवीस तासांच्या आत सुरू करणं, आणि समोरचं रक्त बाधित असल्याचं माहीत असेल तर इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) डॉक्टरला लगेच विचारणं. हा विषाणू सुकलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवस तरी टिकतो, म्हणून नवं ब्लेड मागण्यात कसला अपमान नाही.

अँटी-एचबीएस टायटर: सर्वांत उपयोगी, सर्वांत जास्त घाबरवणारी

टायटर म्हणजे रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण. या तपासणीवर ‘रिअॅक्टिव्ह’ येणं ही चांगली बातमी आहे. तरी संगणक आकडा मर्यादेच्या वर दिसला म्हणून तो ठळक करतो आणि शेजारी ‘हाय’ची खूण मारतो. ३५६ असा सुंदर आकडा आलेला माणूस पांढराफटक होऊन दवाखान्यात येतो. हा दोष पूर्णपणे रिपोर्टच्या छपाईचा आहे. ‘१० किंवा जास्त: संरक्षण आहे’ एवढी एक ओळ खाली टाकली तर हजारो लोकांची झोप वाचेल. या तपासणीचं एकक एमआययू प्रति मिली. निकालाला आकडाच हवा. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट घेऊ नका, तो नोकरीच्या ठिकाणीही चालत नाही.

कधी करायची, यावरच तिचा उपयोग ठरतो. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी केली तर निकाल स्वच्छ मिळतो. दहा वर्षांनी केली आणि ४ आला, तर लस वाया गेली असं नव्हे. अँटिबॉडी ओसरते, पण पेशींची आठवण राहते आणि विषाणू आलाच तर ती जागी होते. निरोगी माणसाला त्यासाठी बूस्टरची गरज नाही, आणि दर दोन वर्षांनी ‘टायटर चेक’ विकणारी पॅकेजं निव्वळ खिसा हलका करतात. ही तपासणी खरोखर लागते ती डॉक्टर, नर्स, लॅब टेक्निशियन, दवाखान्याचा कचरा उचलणारे सफाई कामगार, डायलिसिसचे रुग्ण, एचआयव्ही असलेले, आणि बाधित माणसाचा जोडीदार यांना. डायलिसिसवाल्यांनी मात्र दरवर्षी करायची, आणि १० खाली गेलं की बूस्टर घ्यायचा. त्यांची आठवण कच्ची असते.

आरोग्यसेवेतल्या माणसाचा जुन्या लशीनंतर आकडा १० खाली आला तर एक डोस द्यायचा आणि महिना-दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तरी नाही चढला तर उरलेले दोन डोस पुरे करून परत मोजायचं. सहा डोसनंतरही आकडा हलला नाही, तर आधी एचबीएसएजी आणि कोअर करून घ्यायचं, कारण काही वेळा माणूस आधीच बाधित असतो आणि सगळे बिचाऱ्याच्या दंडात लस टोचत राहतात.

लस न चढण्याची कारणं ठरलेली आहेत: चाळिशी उलटलेली, लठ्ठपणा, विडी-सिगारेट, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार. माणसाच्या हातातली दोन कारणं मात्र टाळता येतात. एक, टोचण्याची जागा. प्रौढाला डोस १ मिली, म्हणजे २० मायक्रोग्रॅम, तो दंडाच्या स्नायूतच हवा. कुल्ल्यावर चरबीत गेला तर परिणाम कमी होतो. दुसरं, लस गोठणं. सगळ्यांना काळजी उन्हाची, आणि ती असावीही, पण ही लस खरी मरते ती बर्फानं. घरगुती फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली कुपी गोठली की तिच्यातला अॅल्युमिनियमचा घटक गुठळ्या धरतो आणि लस निकामी होते. तिची जागा २ ते ८ अंशांत. हलवल्यावर एकसारखी दुधाळ दिसायला हवी. कण तरंगत असतील किंवा चटकन तळाशी बसत असतील तर ती घेऊ नका.

डोस शून्य, एक आणि सहा महिने. बीड, धाराशिव, परभणीच्या ऊसतोड कामगारांना हे वेळापत्रक अवघड वाटतं, पण जरा पंचांग बघून बसवलं तर ते बरोबर जुळतं. पोळ्याच्या आसपास पहिला, टोळी कारखान्याला निघण्याआधी, दसऱ्यापर्यंत दुसरा, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी परतले की तिसरा. तिसऱ्याला दोन-तीन महिने उशीर झाला तरी बिघडत नाही. ‘डोस चुकला, आता पहिल्यापासून’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. राहिला तिथून पुढं सुरू करायचं. उशीर चालतो, घाई चालत नाही: पहिल्या-दुसऱ्यात निदान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात आठ, आणि पहिल्या-तिसऱ्यात सोळा.

व्हायरल लोड

एचबीएसएजी सकारार्थी आल्यावरच हिचा विचार करायचा. महाग आहे, काही हजारांत जाते, आणि एचबीएसएजी नकारार्थी असणाऱ्याला ती विकणं, फक्त कोअर सकारार्थीचा अपवाद सोडला तर, लूट आहे. ‘क्वालिटेटिव्ह’ म्हणजे आहे-नाही सांगणारी घेऊ नका, आकडा देणारी ‘क्वांटिटेटिव्ह’च मागा, उपचाराचा निर्णय आकड्यावर होतो. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये काढतात. हिरव्या झाकणाची हेपॅरिन ट्यूब दिसली तर हात मागं घ्या, हेपॅरिन पीसीआरची, म्हणजे या तपासणीच्या पद्धतीची, क्रियाच अडवतं.

निकाल आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीत येतो. जुना रिपोर्ट कॉपीज प्रति मिलीत असेल तर तो सुमारे पाच-सहा पट मोठा दिसतो. औषधानं एकदम उतार पडला म्हणून पेढे वाटण्याआधी एकक बघा. ८,००० चे १५,००० झाले म्हणून घाबरायचंही कारण नाही. या तपासणीत तिपटीच्या आतला फरक खरा मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार २,००० च्या वर लोड आणि सोबत एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक, यालाच एसजीपीटी म्हणतात) वाढलेला असेल तर औषध सुरू करायचं. यकृत कडक होत चालल्याची चिन्हं असतील तर लोड कितीही असो. हा निर्णय तज्ज्ञाचा. नुसतं एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून यकृत ठीक असं समजणं ही घरोघरची चूक.

सरकारी सेवा

२०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटिस बीची तपासणी आणि औषध मोफत आहे. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं शंकरराव चव्हाण, लातूरचं विलासराव देशमुख, अशी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्हा रुग्णालयं इथं ‘हिपॅटायटिसचा विभाग कुठं’ असं नेमकं विचारा, नाहीतर रांगेत दिवस जातो. विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरची ३०० मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, वर्षानुवर्षं घ्यायची असते. खासगीत महिन्या-महिन्याला परवडलं नाही की माणूस ती सोडतो, आणि मग विषाणू उसळून यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. अचानक गोळी बंद करणं हे न घेण्याहून वाईट. म्हणून वाट पाहावी लागली तरी दीर्घ उपचारासाठी सरकारी सेवाच जास्त टिकते.

काविळीची माळ, नाकात थेंब, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं उतरवणं, हे सगळं अजून जोरात चालतं. मोठ्या माणसाची ताजी लागण बहुतांशी आपोआप बरी होते, त्यामुळं माळेला यश मिळतंच. माळ गळ्यात असेल तर असू द्या. पोटात जाणारा पाला आणि नाकातलं औषध नको, आधीच सुजलेल्या यकृतावर तो आणखी बोजा. आणि सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायचं विसरू नका, कारण पिवळेपणा गेला म्हणजे विषाणू गेला असं नसतं.

घरात एकाचा निकाल सकारार्थी आला की ताट-वाटी वेगळी करण्याची रीत आहे. तिचा काही उपयोग नाही. हा आजार एका ताटात जेवल्यानं, पाण्यानं किंवा मिठी मारल्यानं पसरत नाही. वेगळे ठेवायचे ते वस्तरा, ब्रश, नखं कापायचं यंत्र. नवरा-बायको, मुलं आणि घरातल्या इतरांची ते तीन तपासण्यांचं त्रिकूट करून घ्यायचं, आणि ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस.

आई आणि बाळ

गरोदरपणात पहिल्याच तपासणीत एचबीएसएजी करतात आणि ती फुकट होते; ती झाल्याची नोंद माता-बाल कार्डावर आहे का ते बघा. सकारार्थी आली तर व्हायरल लोड करायचाच, कारण २,००,००० आययूच्या वर असेल तर पोटात बाळ असतानाच आईला टेनोफोव्हिर देतात. बाळंतपण कुठं होणार हे आधी ठरवा, कारण जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत, जमलं तर बाराच तासांत, बाळाच्या एका मांडीत लशीचा पहिला डोस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन गेलं पाहिजे. इम्युनोग्लोब्युलिन लहान गावात ऐन वेळी मिळत नाही, शहरातून आणून फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आठव्या महिन्यातच त्याची सोय करा, नवव्याच्या भरवशावर राहू नका. पुढचे डोस पेंटाव्हॅलंट या पाच रोगांच्या एकत्रित लशीतून सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना.

बाळाचं रक्त लगेच तपासून काही कळत नाही; आईच्या अँटिबॉडी आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही त्यात मिसळलेले असतात. नऊ ते बारा महिन्यांदरम्यान एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस ही दोनच करायची. कोअर अँटिबॉडी दोन वर्षांपर्यंत करूच नये, आईचीच सापडते आणि घर विनाकारण हादरतं. तोवर अंगावरचं दूध बिनधास्त चालू ठेवा.